हिराबाईंचा सरंगा आणि माझा गॅस

मी काचेच्या टाकीत, जिवंत माशांच्या अंगावर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि वर त्याचे पैसे घेतो. वसई-विरारमध्ये हा धंदा करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यातलं सगळ्यात जुनं खोड मी. लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय करता, तर मी "गॅसचं काम" म्हणून मोकळा होतो. मग समोरचा लगेच घरच्या शेगडीची तक्रार सांगायला लागतो. नालासोपाऱ्याच्या एका सोसायटीत तर वॉचमनने वहीत माझ्या नावापुढे "गॅस, मासे मारायला" असं लिहून ठेवलं होतं. मी ते खोडायला सांगितलं नाही. वर्ष-दोन वर्षांत एखाद वेळी ते खरं ठरतं, आणि आज मी त्याबद्दलच सांगणार आहे.

आम्ही मूळचे वसईतल्या होळी गावचे. घरची वाडी, त्यात पानवेल, केळी, सोनचाफा. झाडाला काय लागतं ते मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. पाणी, ऊन, खत. हवेचं नाव आमच्या आजोबांनीसुद्धा कधी काढलं नाही, कारण वाडीत ती फुकट असते. मी वाडी केली नाही. मी सोड्याच्या मशीन दुरुस्त करायला लागलो, लग्नाच्या हॉलवर असतात तशा. तिथे या गॅसच्या सिलिंडरशी दोस्ती झाली. एक दिवस माणिकपूरच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराने विचारलं, "तुझा तो सोड्याचा गॅस माझ्या टाकीतल्या झाडांना देता येईल का?" मला वाटलं, याला ऊन लागलंय. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की ऊन मलाच लागलं होतं.

गोष्ट साधी आहे. पाण्याखालच्या झाडालाही अन्न करायला हाच गॅस लागतो आणि बंद टाकीत तो पुरत नाही. म्हणून तो बाहेरून द्यायचा. सिलिंडरवर दोन काट्यांचा रेग्युलेटर बसतो. एक काटा आत किती शिल्लक आहे ते सांगतो, दुसरा बाहेर किती चाललाय ते. पुढे विजेवर उघडझाप करणारी झडप, ती टायमरला जोडायची. मग एक बारीक स्क्रू, जो केसभर फिरवायला माझे हात पाच वर्षं शिकले. मग पाण्याची कुपी, तिच्यात बुडबुडे मोजायचे, आणि शेवटी टाकीच्या तळाशी एक चकती, ती बुडबुड्यांचं धुकं करून सोडते. दिवा लागायच्या तासभर आधी गॅस चालू, दिवा मालवायच्या तासभर आधी बंद. अंधारात झाडं गॅस खात नाहीत, मग तो माशांच्या वाट्याला येतो. टाकीत मी काचेचा एक छोटा चेंडू टांगतो, त्यात रंग बदलणारं पाणी असतं. निळं म्हणजे गॅस कमी, हिरवं म्हणजे झकास, पिवळं म्हणजे धावा. एवढंच माझं शास्त्र. बाकी सगळा गोंधळ गिऱ्हाइकं करतात.

काही जणांना सिलिंडरची भीती वाटते. त्यांना साखरेचं पाणी आणि यीस्ट घालून बाटली करून देतो. ती फसफसते, गॅस येतो, काम भागतं. पण तिला बंद करायचं बटण नसतं. माणिकपूरला एका घरी सत्यनारायणाच्या पूजेत तिची नळी तुंबली आणि कथेच्या ऐन तिसऱ्या अध्यायात झाकण छतावर जाऊन आदळलं. हॉलभर ताडीच्या गुत्त्यासारखा वास पसरला. गुरुजींनी वाचन थांबवलं आणि सगळ्यांनी एकजात यजमानांच्या मेव्हण्याकडे पाहिलं. बिचाऱ्याने त्या दिवशी थेंबही घेतला नव्हता. तो अजून माझ्याशी बोलत नाही. दुसरे एक साहेब आहेत, मंत्रालयातून निवृत्त झालेले. ते रोज सकाळी घड्याळ लावून बुडबुडे मोजतात आणि मला फोन करून सांगतात, आज मिनिटाला एकसष्ट. काल साठ होते. मी म्हणतो, साहेब, वाढदिवस असेल. ते नोंद करतात.

पण माझी खरी परीक्षा घेतली ती पाचूबंदरच्या हिराबाईंनी.

हिराबाई म्हणजे सत्तरीच्या आसपासची बाई. वसईच्या बाजारात चाळीस वर्षं मासळीची पाटी लावली. गुडघे गेले तेव्हा पाटी सुटली, पण आवाज राहिला. जेटीपासून चार पावलांवर स्वतःचं घर, आणि त्या घरात तीन फुटांची झाडांची टाकी. टाकी हिराबाईंच्या मुलाची, निलेशची. तो बोटीवर इंजिनाच्या खात्यात आहे. आठ महिने समुद्रात, चार महिने घरी. त्याने विरारला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय, बायको तिथे राहून नोकरी करते. आईने तिथे यावं असं दोघांनाही मनापासून वाटत होतं. आईला सातव्या मजल्यावरून समुद्र दिसणार नव्हता, म्हणून तिला वाटत नव्हतं. त्यात मागच्या पावसाळ्यात तिने दोनदा शेगडी चालू ठेवून दार ओढून घेतलं होतं. निलेशने तेव्हापासून धसका घेतला होता.

बोटीवर जायच्या आधी त्याने मला बोलावलं. टाकीला गॅस बसवा, म्हणाला, आणि आठ महिने लक्ष ठेवा. मी रेग्युलेटर आवळत होतो तेव्हा त्याने आईला माझ्या देखत सांगितलं, "ही टाकी तुझ्यावर सोडून चाललोय. खाणं तू घालायचं, दिवा तू बघायचा, चेंडूचा रंग तू बघायचा. मी येईन तेव्हा सगळं जिवंत असलं तर तू इथे राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नसलं तर विरार." हिराबाईंनी पदर खोचला आणि एवढंच म्हटलं की मान्य. मला त्यात साक्षीदार करताना दोघांनीही विचारलं नाही.

टाकीत पंधरा-वीस बारीक मासे होते आणि एक एंजल. चपटा, रुपेरी, अंगावर काळे उभे पट्टे. हिराबाईंनी त्याला पहिल्या दिवसापासून सरंगा म्हटलं. सरंगा म्हणजे आपलं पापलेट. ज्या बाईने आयुष्यभर हजारो सरंगे कापून पिशवीत घातले, ती या एका सरंग्याला करंदी, म्हणजे छोटी कोळंबी, बारीक चिरून बोटांत धरून भरवायची. तो पाण्याबाहेर तोंड काढून बोट चोखायचा. निलेश दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि आईची तब्येत विचारायच्या आधी सरंग्याला बघायचा. हिराबाईंना त्याचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

मी आठवड्यातून एकदा जायचो. म्हणजे ठरलं तसं होतं. पण पंधरा दिवसांतच त्यांचे फोन सुरू झाले. गॅसवाले भाऊ, चेंडू पिवळा झालाय. मी सगळं टाकून जायचो तर चेंडू वाटाण्यासारखा हिरवागार आणि तव्यावर बोंबील. मग बसा, खा, बाजारातल्या जुन्या भांडणांच्या गोष्टी ऐका. मी वाडीवाला माणूस, पण बोंबील म्हटलं की माझा पाय निघत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. चेंडू मंगळवारी पिवळा व्हायचा, शुक्रवारी पिवळा व्हायचा, बोंबील ताजे मिळाले तर सोमवारीही पिवळा व्हायचा. मला सगळं कळत होतं आणि मी जात होतो. आमचं दोघांचं छान चाललं होतं.

मे महिन्यात एकदा गेलो तर सरंगा कोपऱ्यात. बोट दाखवलं तर पळून गेला. विचारलं, याला काय झालं? हिराबाई म्हणाल्या, रुसलाय. मी काटा बघितला, चेंडू बघितला, गॅस थोडा कमी केला आणि मोठ्या माणसासारखी मान हलवली. महिन्याभरात तो पुन्हा बोटाला यायला लागला. मी मनात म्हटलं, बघा, अनुभव म्हणतात तो हा.

आता माझी चूक. ती नीट सांगतो, कारण या धंद्यातल्या नवख्याला ती माहीत असायला हवी आणि मी नवखा नव्हतो. सिलिंडर संपत आला की गॅस कमी येईल असं कुणालाही वाटेल. होतं उलटं. स्वस्तातला रेग्युलेटर असला की आतला दाब पडताच त्याचा तोल जातो आणि उरलासुरला सगळा गॅस तो एकदम टाकीत ओततो. म्हणून काटा खाली यायला लागला की सिलिंडर बदलायचा, शेवटच्या थेंबाची वाट बघायची नाही. हे मी शंभर जणांना शिकवलंय. हिराबाईंच्या सिलिंडरचा काटा खाली आलेला मी बघितला होता. चार दिवस काढेल, म्हटलं. पुढच्या खेपेला आणू.

दोन दिवसांनी दुपारी फोन आला. त्या नायगावला भाचीच्या हळदीला निघाल्या होत्या, लग्न उरकून दोन दिवसांनी येणार होत्या. चावी शेजारी ठेवलीय, चेंडू पिवळा दिसतो, जाऊन बघा. मी तेव्हा होळी गावात चुलतभावाच्या वाडीत सोनचाफ्याखाली पत्ते कुटत बसलो होतो, आणि पानं चांगली आली होती. मी विचार केला, बाई घरी नाही म्हणजे बोंबील नाही. मग पिवळा कशाला होईल? सवयीने म्हणाली असेल. उद्या सकाळी बघू. लिहिताना आजही लाज वाटते, पण विचार अगदी असाच केला.

सकाळी दार उघडलं तेव्हा चेंडू लिंबासारखा पिवळा होता. सिलिंडरचा काटा शून्यावर. बारीक मासे सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते आणि सरंगा तळाशी, आडवा. मी तांब्या घेतला आणि टाकीतलं पाणी उपसून हातभर उंचावरून परत टाकीत ओतायला लागलो. त्याने गॅस उडून जातो आणि पाण्यात हवा मिसळते. तासभर ओतत होतो, खांदे भरून आले. बारीक मासे वाचले. सरंगा वाचला नाही.

मी खाली बसलो. डोळ्यांसमोर विरारचा सातवा मजला आला आणि त्याच्या खिडकीत पदर खोचून बसलेल्या हिराबाई. चूक माझी आणि घर त्यांचं जाणार. सरळ माणसाने तिथेच फोन लावला असता. मी सरंग्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि माणिकपूरला त्या जुन्या दुकानदाराकडे गेलो.

तिथे आम्ही दोघांनी मुलीला स्थळ बघावं तसे मासे पाहिले. एक उंचीत बसायचा पण पट्टा फिका. एक रंगात बसायचा पण शेपूट आखूड. दुकानदार गालातल्या गालात हसत होता. मला म्हणाला, या महिन्या-दोन महिन्यांत असा जुळणारा एंजल मागायला आलेला तू पहिला नाहीस. मी घाईत होतो, लक्ष दिलं नाही. शेवटी एक मिळाला, अगदी सख्खा भाऊ. परत पाचूबंदर, नवा सिलिंडर, नवा मासा. जुन्याला आमच्या वाडीत जास्वंदीच्या बुंध्याशी पुरलं, आणि त्या वेळी मी तोंडाने माफी मागितली. कुणी ऐकलं नाही याची खात्री करून.

हिराबाई हळद-लग्न आटोपून आल्या. मी मुद्दाम हजर राहिलो. टाकीसमोर बसून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, सरंगा जरा भरल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, नवा सिलिंडर लावलाय मावशी, झाडं तरतरीत झाली, त्याचा परिणाम. त्या "हं" म्हणाल्या आणि तवा ठेवायला आत गेल्या. मी सुटलो असं समजून पाच बोंबील खाल्ले.

पुढचे तीन महिने मी त्या "हं"चा अर्थ लावत काढले. मध्येच त्या विचारायच्या, भाऊ, गॅसने माशाच्या अंगावरचा पट्टा हलतो का हो? मी म्हणायचो, प्रकाशामुळे तसं वाटतं. मग कधी, गॅसने शेपटी वाढते का? मी म्हणायचो, पोषण मावशी, पोषण. एकदा तर विचारलं, गॅस माणसाला दिला तर गुडघे नवे होतील का? मी पाणी प्यायलो. फोन केला की मात्र मी आता पत्ते टाकून, ताट टाकून धावत जायचो. चेंडू दर वेळी हिरवाच असायचा. त्यांचा फोन आला आणि मी गेलो नाही, असं पुन्हा एकदाही झालं नाही.

निलेश आला तो दिवस मला नीट आठवतो. मी सकाळीच पोचलो होतो. मनाशी ठरवून गेलो होतो की विषय निघालाच तर मासा मी मारला हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नाही निघाला तर नाही सांगायचं, हेही ठरवलं होतं. निलेशने बॅग दारात ठेवली आणि आईच्या पाया पडून सरळ टाकीसमोर मांडी घातली. झाडं दणकून वाढली होती. पानापानांवर बारीक बुडबुडे धरले होते. त्याने बोट पाण्यात घातलं. सरंगा आला आणि त्याने बोट चोखलं.

निलेश हसला नाही. तो माशाकडे बघत राहिला. मग मागे न वळता म्हणाला, "आई, हा माझा मासा नाही."

बाहेर जेटीवर लिलावाचे आवाज चालले होते. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "निलेश, चूक माझी आहे. सिलिंडर—"

"तुमी गप ऱ्हा, भाऊ," हिराबाई म्हणाल्या. "मी सांगते." त्या गुडघ्यावर हात टेकून हळूच खुर्चीत बसल्या. चेहरा बाजारात भाव सांगताना असतो तसा, एक सुरकुती हलली नाही. "पयला मी मारला. मे मयन्यात लाईट गेली, पानी तापलं. मासं तापलं की आमी काय घालतो? बरफ घातला. अख्खी लादी. रिक्षा करून मानिकपूरला गेले, दुसरा आनला. दुसरा यांनी मारला, गॅस घालून. मी हळदीला गेले ते बघून तिसरा आनून ठेवला आनि मना सांगतात पोषन. हा तिसरा आमा दोघांना पुरून उरलाय."

मी जमिनीकडे बघत होतो. मे महिन्यातला तो रुसवा, दुकानदाराचं ते गालातलं हसू, सगळं एकदम डोक्यात लख्ख झालं. चाळीस वर्षं पाटीत मासे मांडणाऱ्या बाईला मी एकाच्या जागी दुसरा मासा दाखवून फसवायला निघालो होतो. आणि तिने तीन महिने मला बोंबील खाऊ घालत, मजा बघत, एका शब्दाने लाज काढली नव्हती. लाज काढायची तर स्वतःचंही सांगावं लागलं असतं, हे खरं. पण तेवढंच कारण होतं असं मला वाटत नाही.

निलेश आता आमच्याकडे वळला होता. त्याचा चेहरा मला वाचता येईना. तो म्हणाला, "दर रविवारी बोलत होतो. एकदा तरी सांगायचंस."

हिराबाईंचा आवाज तिथे पहिल्यांदा खाली आला. "तुजा हात पोळला तवा तू मना सांगितलंस? फोनवर बाही खाली ओढून बसायचास. तुला वाटलं मना दिसलं नाय."

निलेशचा डावा हात आपोआप उजव्या बाहीपाशी गेला. मनगटाच्या वर जुन्या भाजल्याचा गुलाबी डाग होता. तो मलाही आत्ताच दिसला. मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. मी उगाच रेग्युलेटरचा काटा तपासला. तो ठीक होता.

थोड्या वेळाने निलेशने दोन्ही बाह्या वर सारल्या, डागासकट. टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि झाडांची पिवळी पडलेली पानं एकेक करून खुडायला लागला. सरंगा त्याच्या बोटांभोवती घुटमळत होता. त्याने त्याला हळूच बाजूला केलं.

"काका, गॅस थोडा कमी ठेवत चला," तो म्हणाला. "आई इथेच राहणार आहे."